रविवारी कुणाचा दोर?

माझा पाय तीन उशांवर होता आणि हेमांगी दुसऱ्याच कुणाचा तरी दोर धरून उभी होती.

मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला तेव्हा मी आईने केलेली नाचणीची पेज चमच्याने ढवळत बसले होते. फोटोत हेमा खालून वर बघत होती. मान नेहमीसारखी एका बाजूला कललेली, दोराचं सैल टोक डाव्या मांडीवरून. सगळं जागच्या जागी होतं, फक्त वर मी नव्हते. वर पिवळं हेल्मेट घातलेली एक बारकी पोरगी होती. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'हेमा-जुई, झकास जोडी!' मी त्यावर मुकाट्याने एक अंगठा टाकला आणि पेज तशीच बाजूला ठेवली.

वर चढणाऱ्याचा दोर सांभाळणं, याला आम्ही बिले देणं म्हणतो. हल्ली त्यासाठी यंत्रं मिळतात. चढणारा घसरला की पापणी लवायच्या आत दोर आवळतात, चुकत नाहीत, कंटाळत नाहीत. नाशिकच्या आमच्या कातळवाट मंडळात मात्र यंत्र चालत नाही. माणसाचा दोर माणसानेच धरायचा, ही आमची जुनी खोड. म्हणून दर गुरुवारी कट्ट्यावर चहा पिताना एकमेकांना विचारायचं, "रविवारी कुणाचा दोर?" आणि जोड्या ठरवायच्या. हेमाला आणि मला हा प्रश्न अकरा वर्षांत कुणी विचारला नव्हता. तिचा दोर माझा आणि माझा तिचा, हे मंडळात सगळ्यांना पाठ होतं. नवरा-बायकोच्या जोड्या मोडल्या, आमची टिकली.

मग मी बगळ्यावरून पडले.

बगळ्या हा त्र्यंबकच्या मागच्या रांगेतला सुळका. लांबून बघावं तर एका पायावर उभा राहिल्यासारखा दिसतो. त्याने मलाही एका पायावर आणून ठेवलं. अर्ध्यावर एक आडवा टप्पा आहे, तिथे माझा पाय निसटला, मी खालच्या कंगोऱ्यावर आदळले आणि उजवा गुडघा आत वळून आतलं काहीतरी कचकन तुटलं. वाऱ्यामुळे बचावाचा ड्रोन कड्याजवळ येईना. हेमाने मला पाठीला बांधून दोरावरून खाली उतरवलं आणि उतरताना इतक्या शिव्या घातल्या की दुखण्याकडे माझं लक्षच गेलं नाही. अशा बाईचा दोर दुसऱ्या कुणाच्या कमरेला बघणं मला जमत नव्हतं.

*

"नवा अस्थिबंध तुमच्याच पेशींपासून वाढवलाय," डॉ. वैजयंती सोनवणे म्हणाल्या. "जुन्यापेक्षा चिवट आहे. अडचण एकच आहे, तो आंधळा आहे."

त्यांनी मला जे समजावलं ते असं. गुडघ्यातला अस्थिबंध, म्हणजे आपण ज्याला लिगामेंट म्हणतो ती पट्टी, नुसती दोन हाडांना बांधून ठेवत नाही. तिच्यात बारीक बारीक मज्जातंतू असतात. गुडघा किती वाकलाय, किती वळलाय, किती भार आलाय, हे ते क्षणोक्षणी वर कळवत असतात. म्हणून आपण पायाकडे न बघता जिना उतरतो. अस्थिबंध तुटला की हे तंतूही मरतात. नवा बसवला तर तो हाडं धरून ठेवतो, पण खबर देत नाही. पूर्वी लोक वर्षभर व्यायाम करायचे, बरे व्हायचे, मैदानात उतरायचे आणि पुन्हा तोच गुडघा तोडून घ्यायचे.

आता नव्या अस्थिबंधात तंतू वाढवता येत होते. पण ते लहान मुलासारखे कोरे असत. त्यांना शिकवायला मांडीपासून पोटरीपर्यंतचा एक मोजा असे, आतून सगळा बारीक तारांचा. निरोगी माणसाच्या पायावर तो चढवून त्याची चाल नोंदवायची: कुठला स्नायू आधी आवळतो, कुठला मागून, किती जोरात. मग तोच मोजा रुग्णाच्या पायावर. तुम्ही पाऊल टाकायला गेलात की मोजा तुमच्या स्नायूंना त्या दुसऱ्या माणसाच्या क्रमाने हलकेच ढोसतो. काही महिन्यांत तंतू तो क्रम शिकतात आणि मोजा काढून टाकता येतो. त्याला कंपनीने लांबलचक नाव दिलं होतं. रुग्ण त्याला 'शिकवणी' म्हणत. 'गुडघा शिकवणीला घातलाय' असं कुणी म्हटलं की ओळखायचं.

"मग मला माझीच चाल शिकवा की," मी म्हणाले.

"ती नोंदवलेली कुठे आहे? आणि असती तरी दिली नसती." डॉक्टर चष्मा पुसत होत्या. "तुमच्या पडण्याचं, मैत्रिणीच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण बघितलं मी. तोल गेला की तुमचा गुडघा आत वळतो. बहुतेक नेहमीच वळत असणार, इतकी वर्षं नशिबाने साथ दिली. तीच चाल शिकवली तर पुन्हा माझ्याकडेच याल."

माझ्या चढण्याला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. मी सातपूरच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासते. नापास करणं हे माझं काम, नापास होण्याची मला सवय नाही. मी विचारलं, "मग कुणाची चाल?"

"तुमच्या मापाची एक मिळालीये. नाव सांगायची पद्धत नाही."

*

मोजा चढला आणि मी घरात चालायला लागले, त्या आठवड्यात हेमा जुईला घेऊन घरी आली. जुई हेमाच्या स्कूटरवर, माझ्या जागेवर बसून.

जुई गांगुर्डे घोटीची. नर्सिंगचं शिकायला नाशकात आलेली, दोन वर्षांपासून मंडळात, पण कायम मागच्या फळीत. तिने आल्या आल्या वाकून नमस्कार केला, तोही नेमका दुखऱ्या पायाला. मी पस्तिशीची बाई, एकदम सत्तरीत गेले.

"शालूताई, तुमच्या चढाईचे व्हिडिओ मी लय बघितलेत," ती म्हणाली. "हेमाताई सांगत असतात ना, शालू अशी चढायची, शालू तशी चढायची."

'चढायची.' माझा भूतकाळ झाला होता.

आई चहा आणायला गेली. जुईच्या ओढणीला कसलंसं कुसळ लागलं होतं. हेमाने बोलता बोलता ते काढलं आणि खिडकीतून टाकलं. एवढंच. पण इतकी वर्षं माझ्या बाहीवरची कुसळं तिने काढली होती आणि तेव्हा मला त्याची किंमत नव्हती. मी खारी बिस्किटाचा असा काही चुरा केला की जुईने घाबरून माझ्याकडे पाहिलं.

त्या निघाल्या तेव्हा मी दारापर्यंत गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "रविवारी कुणाचा दोर?"

हेमा चप्पल घालत होती. तिने वर बघितलं नाही.

"बघू गं. ठरवू," ती म्हणाली.

*

गुडघा मात्र हुशार निघाला. आधी जिना, मग गंगापूर धरणाची वाट, मग मंडळाची सरावाची भिंत. मी चांगली चालत होते, म्हणजे पूर्वीपेक्षा चांगली. आईच म्हणाली, "पाय कसा अलगद टाकतेस गं हल्ली. पूर्वी तू आलीस की ताटाळं वाजायचं." मला ते आवडलं नाही. माझी आपटत चालायची सवय मला प्रिय होती.

शेवटी मोजा उतरला आणि डॉक्टरांनी कातळाला हात लावायची परवानगी दिली. अंजनेरीच्या पायथ्याशी एक सोपा कातळ आहे, तिथे आम्ही तिघी गेलो. तिघी का, हे मी विचारलं नाही. हेमाने माझ्या कमरेची गाठ तपासली, वर थाप मारली, आणि मी इतक्या महिन्यांनी तिच्या दोरावर चढले. काय सांगू, मला रडू यायचंच बाकी होतं.

मधे कातळाचं पोट पुढे आलंय. ते ओलांडलं की वरची खालचीला दिसत नाही. दिसत नाही तेव्हा बिले देणारी हाताने बघते. दोर कसा सरकतो यावरून वरच्या माणसाचं पाऊल कळतं, घाबरली की कळतं, दमली की कळतं. हेमा तर माझी शिंक दोरातून ओळखायची.

मी पोट ओलांडलं. उजव्या पायाने वरची खाच शोधली आणि खालून हेमाचा आवाज आला, मोठ्ठा, मायेचा:

"जुई, डावीकडे सरक! ढील दिलीये!"

वारा नव्हता. चुकीचं ऐकायला जागाच नव्हती. मी तिथेच कातळाला गाल लावून उभी राहिले. दोराला खालून एक बारीक हिसका बसला, म्हणजे तिलाही कळलं होतं.

मी वर गेलेच नाही. उतरले आणि कमरेची गाठ सोडायला लागले.

"तोंडातून गेलं गं," हेमा म्हणाली.

"माझा दोर हातात धरून?"

"दोरच तसा लागला हाताला!" ती चिडली, चुकली की चिडते. "दोन बारके झटके, मग थांबायचं, मग लांब ओढ. तुझा दोर असा कधी लागला नाही, शालू. मी काय करू?"

जुई मान खाली घालून बुटाची नाडी बांधत होती. मी म्हणाले, "चढ तू." ती हेमाकडे बघायला लागली. "तिच्याकडे काय बघतेस? चढ म्हणते ना."

ती चढली. मी तिच्या उजव्या पायाकडे बघत राहिले. खाचेवर भार टाकण्याआधी ती बुटाच्या टोकाने दोनदा हलकेच चाचपायची, टक टक, मग थांबायची, गुडघा बाहेर वळवायची आणि मग सगळं अंग उचलायची. स्वयंपाकघरात उंच फळीवरचा डबा काढायला मी हल्ली स्टुलावर चढायचे ती तशीच. टक टक, थांब, मग वर.

"माझ्या शिकवणीत कोण होतं, हेमा?" मी विचारलं.

हेमाने दोरावरचे हात काढले नाहीत. वर जुई होती, काढूच शकत नव्हती. त्यामुळे तिला पळताही येईना आणि माझ्याकडे बघताही येईना. वर बघतच ती बोलली.

"तुझ्या मापाचा पाय मिळत नव्हता. मांडीची लांबी, वजन, सगळं जुळायला हवं, आणि वर कातळावर चढणारीच हवी. मंडळातल्या सगळ्या पोरींच्या मांड्या मोजल्या मी टेप घेऊन. हसू नकोस."

"मी हसत नाहीये."

"जुईचं जुळलं. पण नोंद घ्यायची तर ती मोजा घालून चढायला हवी, दर रविवारी. तिचा दोर कुणी धरायचा? मी धरला. तुला सांगितलं असतं तर तू मोजा घातला असतास?"

नसता घातला. तिला ते माहीत होतं आणि मलाही.

"आणि नोंद संपल्यावर?" मी विचारलं.

हेमा बराच वेळ दोर सोडत राहिली.

"सवय झाली," ती म्हणाली. "आणि खरं सांगू? मजा यायला लागली."

ती खोटं बोलली असती तर किती बरं झालं असतं. 'तुझ्यासाठीच करत होते' एवढं म्हणून थांबली असती तर मी गळ्यात पडून मोकळी झाले असते. आता माझ्यावर उपकारही होते आणि माझी जागाही गेली होती, आणि दोन्हींचं कारण माझ्याच हाडांच्या मधे जाऊन बसलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, "हे धुऊन टाका."

"धुता येईल," त्या म्हणाल्या. "तंतू अजून पक्के मुरलेले नाहीत. उलटे झटके दिले की शिकलेलं विसरतात. पण मग गुडघा पुन्हा आंधळा. दुसरा जुळणारा पाय मिळेपर्यंत कातळ बंद, आणि तो मिळेलच असं मी सांगत नाही. दुखतंय का?"

"नाही."

"अडखळता?"

"नाही."

"मग?"

आता काय सांगणार? माझ्या मैत्रिणीला माझ्या पायात दुसरी सापडते, असं? मी म्हणाले, "सांगता येत नाही. धुवा."

त्यांनी मला उंच टेबलावर बसवलं, मोजा चढवला आणि यंत्र सुरू करायला वळल्या. भिंतीवर कुठल्याशा बर्फाळ डोंगराचं चित्र होतं. मला त्यात बगळ्या दिसायला लागला. तो आडवा टप्पा, त्यावरची ती निसरडी खाच, जिथे माझा पाय निसटला होता. मी आजारपणात शेकडो वेळा मनातल्या मनात ती खाच ओलांडली होती आणि प्रत्येक वेळी पडले होते. डोळे मिटून पुन्हा एकदा गेले. या वेळी उजव्या पायाने ती दोनदा चाचपली, गुडघा बाहेर वळला आणि मी पलीकडे पोचले.

मी टेबलावरून खाली उतरले. उतरतानाही पायाने आधी फरशी चाचपली.

"राहू द्या," मी म्हणाले.

मोठं मन वगैरे काही नव्हतं त्यात. मत्सर पुष्कळ होता, पण बगळ्याची हाव त्याहून जास्त निघाली.

*

थंडी सरता सरता आम्ही बगळ्यावर गेलो. हेमा म्हणाली, "नव्या गुडघ्यावर दोघीच नको, तिघी जाऊ." मी म्हणाले, "तुला तिघींचीच सवय झालीये." ती दोर मोजायला लागली. अंजनेरीनंतर आम्ही एकमेकींशी दोराबद्दलच बोलत होतो: सैल कर, आवळ, गाठ बघ.

पुढे मीच चढले. आडव्या टप्प्यावर पोचले. खाली तो कंगोरा दिसत होता. माझं जुनं अंग सांगत होतं, झटकन उडी मारल्यासारखं जा, थांबू नको. पाय ऐकेना. त्याने खाच दोनदा चाचपली, थांबला, गुडघा बाहेर वळवला. जिथे मी पडले होते त्या जागेवरून मी चालत गेल्यासारखी गेले. हे कुणी केलं, मी की तिने, हा विचार मी वर पोचेपर्यंत बाजूला ठेवला, आणि वर पोचल्यावर तो करायचा विसरले. माथ्यावर एकटीनेच ओरडून घेतलं.

हेमा मागून आली. माथ्यावरची कामं आमच्यात ठरलेली असत, उतरायचे दोर लावायचे ते हेमानेच. ती त्याला लागली आणि मान न वळवता म्हणाली, "जुईला तू घे वर."

अशा रीतीने त्या मुलीचा दोर माझ्या हातात आला. मनात काय काय होतं ते जाऊ द्या, दोर हातात आल्यावर ते सगळं बाजूला ठेवायचं असतं. मी टाचा रोवून बसले. जुई खाली, कातळाच्या पोटाआड. दिसत नव्हती, आवाजही पोचत नव्हता.

दोर सरकला. दोन बारके झटके, थांबणं, लांब ओढ. आणि त्या प्रत्येक वेळी माझा स्वतःचा उजवा गुडघा बसल्या जागी हलत होता, कणभर आधी. मला कळत होतं. आता पाय कुठे जाईल, किती थांबेल, भार कधी येईल, सगळं कळत होतं. तिने मागण्याआधी मी दोर घेत होते, एका बोटाचीही ढील राहत नव्हती. अकरा वर्षं हेमाचा दोर धरूनही मला असं कधी कळलं नव्हतं.

आडव्या टप्प्यावर तिसऱ्या पावलाला माझा गुडघा थरथरला. त्याला ती खाच आवडली नव्हती. काही घडायच्या आधीच मी दोर आवळून कमरेला वेढा घेतला. पुढच्या क्षणी दगड सुटून खाली गेल्याचा आवाज आला आणि दोरावर तिचं सगळं वजन आलं. ढील असती तर ती झोपाळ्यासारखी जाऊन पलीकडच्या कातळावर आदळली असती, माझ्यासारखीच. ती वीतभरही खाली गेली नाही.

वर आली तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं होतं आणि ती हसत होती.

"ताई, तुम्हाला कसं कळलं? मला सुद्धा कळलं नव्हतं!" ती माझ्या शेजारी धपकन बसली. मग भाबडेपणाने, अगदी मनापासून म्हणाली, "असा दोर मला अजून कुणी दिला नाही. हेमाताईंनी पण नाही."

मी हेमाकडे बघितलं. ती पाठमोरी होती. उतरायच्या दोराची गाठ तिने मघाशीच बांधली होती, मी पाहिली होती. आता ती सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. पुन्हा सोडत होती. मग वळली आणि "छान," म्हणाली, "छान झालं." ओठ हसत होते. बाकीचा चेहरा मला चांगलाच ओळखीचा होता. तीन उशांवर पाय ठेवून मी कित्येक महिने तोच लावून बसले होते.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं थोडंसं. पण त्याआधी जे वाटलं ते आनंदापेक्षा वेगळं काही होतं असं मी म्हणणार नाही. जुईच्या बाहीला वाळकं गवत चिकटलं होतं. मी ते काढलं, हेमा बघत असताना, आणि वाऱ्यावर सोडून दिलं.

गुरुवारी कट्ट्यावर गर्दी होती. सगळे माझ्या गुडघ्याला नजर लागू नये म्हणत होते आणि वाकून वाकून बघत होते. जुईने माझ्याशेजारी जागा धरून ठेवली होती. हेमा उशिरा आली, समोर बसली, कप दोन्ही हातांत धरून फिरवत राहिली. मग चहाकडे बघतच, अगदी सहज विचारल्यासारखं, तिने विचारलं,

"शालू, रविवारी कुणाचा दोर?"

अकरा वर्षांत तिने मला हे पहिल्यांदा विचारलं होतं. उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं, एका शब्दाचं. मी चहावर फुंकर घातली.

"बघू गं," मी म्हणाले. "ठरवू."

लगेच ते परत घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही.